श्वास ऐकू येतो तेव्हा : टेनर सॅक्सोफोन आणि पियानो ट्रिओ

(माहीम येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. ध्वनिमुद्रणे ऐकवली त्या जागा कंसात दाखवल्या आहेत.)

विषयाचं नाव जरा लांबलचक आहे, म्हणून आधी ते सोडवून घेऊ. टेनर सॅक्सोफोन वाजवणारा एक माणूस. स्विंगच्या काळात घडलेला, म्हणजे साधारण १९३५ ते १९४५ या दहा वर्षांत, जेव्हा जॅझ हे नाचायचं संगीत होतं. आणि त्याच्या सोबतीला फक्त तिघे : पियानो, उभा बेस आणि ड्रम. या तिघांना मिळून पियानो ट्रिओ म्हणतात. हे चौघे एका खोलीत बसून ध्वनिमुद्रण करतात. विषय एवढाच. पण यात त्या वादकाचं काय पणाला लागतं, आणि आपल्या मुंबईत इतके चांगले सॅक्सोफोनवाले असून त्यांच्या वाट्याला ही खोली का आली नाही, हे मला आज सांगायचंय.

सॅक्सोफोन तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. नाही कसा? वरातीच्या बँडमध्ये घोड्याच्या पुढे चालणारा, वाकड्या मानेचं पिवळंधमक वाद्य वाजवणारा माणूस आठवा. बेल्जियमच्या अडोल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण आवाज येतो तो वेताच्या पातीतून. आपल्या शहनाईला दुहेरी पाती असते, याला एकच, क्लॅरिनेटसारखी. हे वाद्य चार मुख्य आकारांत मिळतं : सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन. आल्टो जरा टोकदार, गाणाऱ्या बाईच्या गळ्याजवळचा. टेनर खालचा, पुरुषाच्या बोलण्याच्या पट्टीतला. ‘बोलण्याच्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. चांगला टेनरवाला ऐकताना कुणीतरी शेजारच्या खुर्चीवर बसून बोलतंय असं वाटतं, आणि ते वाटण्यामागे काही कारणं आहेत.

पहिलं कारण श्वास. टेनरच्या खालच्या सुरांवर ओठ सैल सोडून हलकी फुंकर घातली, तर सूर पूर्ण उमटायच्या आधी नुसती हवा ऐकू येते आणि सूर संपल्यावरही ती थोडा वेळ रेंगाळते. याला सबटोन म्हणतात. दुसरं कारण आंदोलन, म्हणजे सुराला दिलेला कंप. स्विंगवाले वादक लांब सूर आधी सरळ धरतात आणि शेवटी शेवटी त्याला हलवतात. आणि तिसरं कारण लय. ठेक्यावर बरोबर पडायचं नाही, किंचित मागे रेंगाळायचं. हे आपल्याला नवं नाही. बालगंधर्वांचं पद आठवा. तबल्यावर अहमदजान थिरकवाँसारखा माणूस, सारंगीवर कादरबक्ष. ठेका आपल्या जागी पक्का चाललाय आणि शब्द मात्र सावकाश, आपल्या मर्जीने येतोय, पण समेला बरोबर पोचतोय. लयीची ही मजा ज्याला कळते त्याला स्विंग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता अडचण अशी, की या तिन्ही गोष्टी मोठ्या बँडमध्ये ऐकू येत नाहीत. स्विंगचा बँड म्हणजे चौदापंधरा माणसं. सॅक्सोफोनचीच चारपाच जणांची रांग. रांगेत बसलं की शेजाऱ्याचा कंप तोच तुमचा कंप, शेजारी श्वास घेईल तिथेच तुम्ही घ्यायचा. मागे ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन. मधेच उभं राहून आठ किंवा सोळा मापांची एकल जागा मिळायची, ती वाजवायची आणि खाली बसायचं. नाचणाऱ्यांना त्याचं नावही ठाऊक नसायचं. त्यातून ७८ च्या तबकडीची एक बाजू संपायची तीन मिनिटांत.

या तीन मिनिटांत कोलमन हॉकिन्सने जे केलं ते म्हणजे टेनरचा पाया. ११ ऑक्टोबर १९३९. गाणं ‘बॉडी अँड सोल’. गाण्याचं एक चक्र बत्तीस मापांचं, मापात चार मात्रा, म्हणजे आपल्या हिशेबात एकशे अठ्ठावीस मात्रांचं एक आवर्तन. हॉकिन्स अशी दोन आवर्तनं एकटाच वाजवतो आणि मूळ चाल सुरुवातीलाच मागे टाकून देतो. गाण्याच्या पायऱ्या तेवढ्या ठेवायच्या आणि जिना आपला बांधायचा, असा प्रकार. त्याच्याआधी टेनर हे काहीसं थट्टेचं वाद्य होतं. त्याच्यानंतर कुणी थट्टा केली नाही.

हॉकिन्सचा आवाज भरदार. त्याच्या उलट लेस्टर यंग : हलका, सपाट, सुराला फारसा कंप न देणारा, मोजकं बोलणारा. आणि तिसरा बेन वेब्स्टर. १९४० ते १९४३ तो ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये होता. द्रुत लयीत हा माणूस गुरगुरायचा, अक्षरशः दात विचकल्यासारखा. आणि संथ गाण्यात तोच असा काही कुजबुजायचा की सूर कुठे संपला आणि हवा कुठे सुरू झाली ते कळत नाही. माझा कल वेब्स्टरकडे आहे, हे आत्ताच सांगून टाकतो. पुढचं त्या अंदाजाने ऐका.

१९४८ साली लांब तबकडी आली, आणि त्याच सुमाराला मोठे बँड परवडेनासे झाले. पंधरा माणसांचा प्रवास, राहणं, पगार कोण देणार? तरुण वादक बीबॉपकडे वळले होते : वेगवान, अवघड, नाचता न येणारं. चाळिशीतले स्विंगवाले एकदम जुने ठरले. अशा वेळी नॉर्मन ग्रांझ नावाच्या निर्मात्याने एक साधी गोष्ट केली. या मंडळींना त्याने रांगेतून बाहेर काढलं आणि पियानो ट्रिओपुढे उभं केलं. वेळेची घाई नाही, गाणी सगळ्यांना पाठ असलेली, लिहिलेला कागद जवळजवळ नाहीच.

ट्रिओ काय करतो ते थोडं बघू, कारण ‘साथ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तबला-पेटी येते आणि इथे जरा फरक आहे. बेसवाला प्रत्येक मात्रेला एक सूर देत चालतो. चालतो हाच शब्द तिकडेही आहे. म्हणजे ठेका आणि गाण्याच्या पायऱ्या दोन्ही त्याच्याकडे. ड्रमवाला काठ्या ठेवून तारेचे ब्रश घेतो आणि चामड्यावर गोल फिरवतो, झाडू मारल्यासारखा आवाज येतो. आणि पियानो? पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो, त्याची जागा उचलतो. जॅझचा पियानोवाला तसं करत नाही. तो सॅक्सोफोनच्या वाक्यांमधल्या मोकळ्या जागेत स्वरसमूह टाकतो, कधी ढकलतो, कधी अडवतो. सॅक्सोफोनवाल्याला लपायला रांग नाही. सूर बेसूर झाला, दम कमी पडला, बोलायला काही नसलं, तर सगळं उघड्यावर.

(येथे आर्ट टेटम आणि बेन वेब्स्टर यांचे ‘माय वन अँड ओन्ली लव्ह’ ऐकवण्यात आले.)

हे ध्वनिमुद्रण ११ सप्टेंबर १९५६ चं, लॉस एंजेलिसमधलं. पियानोवर आर्ट टेटम, बेस रेड कॅलेंडर, ड्रम बिल डग्लस. एका बैठकीत सात गाणी. टेटमला जवळजवळ दिसत नव्हतं. त्याच्या बोटांची दहशत अशी होती की मोठमोठे पियानोवादक तो आला की बाकावरून उठायचे. आणि साथीला तो अतिशय वाईट! वाईट म्हणजे काय, तर तो साथ करतच नाही. समोर कुणी वाजवत असलं तरी त्याचं आपलं एकट्याचं वादन चालूच. सुरांचे धबधबे. कुणाही वादकाला यात दोनच वाटा सुचतील : तितक्याच वेगाने वाजवून टक्कर द्यायची, नाहीतर दबून जायचं.

वेब्स्टरने काय केलं, ते आत्ता ऐकलंत. आधी टेटम एक आख्खं आवर्तन एकटा वाजवतो, सजवून, वेलबुट्टी काढून. आपण विचार करतो, आता दुसऱ्याला काय शिल्लक राहिलं? मग टेनर येतो आणि चाल वाजवतो. नुसती चाल. जवळजवळ जशीच्या तशी, अगदी सावकाश, एकेका सुरावर हवा सोडत. मागे पियानो धावतोय, आणि हा माणूस भर पावसात छत्री न उघडता शांत चालत गेल्यासारखा चाललाय. थोड्या वेळाने आपल्या लक्षात येतं की टेटमची ती सगळी धावपळ आता या एका आवाजाची पार्श्वभूमी झालीये. एकही जादा सूर न वाजवता वेब्स्टरने बैठक आपली करून टाकली. कमी वाजवण्यात एवढी ताकद असू शकते, हे मला तरी दुसऱ्या कुठल्या तबकडीने इतकं स्पष्ट दाखवलेलं नाही.

आणि हे टेटमच्या अखेरच्या कामांपैकी. ५ नोव्हेंबर १९५६ ला तो गेला, पुरते दोन महिनेही झाले नव्हते. वय ४७. ही बैठक आणखी एखाद्या ऋतूवर ढकलली गेली असती, तर आपल्या हाती काही नसतं.

ऑस्कर पीटरसनच्या ट्रिओबद्दल थोडक्यात. १९५२ साली ग्रांझने लेस्टर यंगला त्याच्याबरोबर बसवलं. तेव्हा पीटरसनच्या ट्रिओत ड्रम नव्हते, पियानो, गिटार आणि बेस होते : बार्नी केसेल, रे ब्राऊन. ड्रमसाठी जे. सी. हर्डला वेगळं घेतलं. यंग तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा. लष्करातला तुरुंगवास भोगून आलेला, प्रकृती ढासळत चाललेली, आणि सगळे म्हणत होते की याचं वाजवणं संपलं. ऐकलंत तर कळेल की आवाज जड झालाय, वाक्यं आखूड झालीत, पण प्रत्येक वाक्य पुरं आहे. १९५९ मध्ये वेब्स्टर पीटरसनबरोबर बसला, तेव्हा रे ब्राऊन आणि ड्रमवर एड थिगपेन. ही तबकडी नवख्या माणसाने आधी ऐकावी. इथे पियानो समजूतदार आहे. टेटमपेक्षा सोपी, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच थोडी कमी थरारक.

आता आपल्या गावाकडे येऊ. कारण हे ऐकून कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेत, माहीमला त्याचं काय?

माहीमला त्याचं बरंच काही आहे. १९३५ साली लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड, आणि एलिंग्टनकडे वाजवून आलेला रूडी जॅक्सन. अमेरिकेत स्विंगची लाट उठत होती त्याच वर्षांत ती अपोलो बंदरावर उतरली, मागाहून नाही. शिकायला बसलेले लोक तयार होते. गोव्यातल्या प्रत्येक मोठ्या चर्चला जोडून गाण्याची शाळा असे, तिथले मेस्त्री पोरांना लहानपणीच लिपी वाचायला शिकवत आणि हातात व्हायोलिन देत. तीच मुलं मुंबईत येऊन धोबीतलाव, माझगाव, माहीम, वांद्रे इथे राहिली आणि हॉटेलांत सॅक्सोफोन, ट्रंपेट वाजवू लागली. मिकी कोरिया, स्वतः सॅक्सोफोनवादक, १९३९ ते १९६० ताजमध्ये बँड चालवत होते. आणि अगदी आपल्या विषयातला माणूस म्हणजे रूडी कॉटन. स्विंगचा टेनरवाला. मूळ नाव कावसजी खटाऊ, पारशी. खटाऊचं कॉटन झालेलं कानाला लगेच कळतं. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे २०१२ सालचं पुस्तक या सगळ्या मंडळींवर आहे, जरूर मिळवून वाचा.

मग काय झालं? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हॉटेलातल्या नाचाच्या रात्री रोडावल्या, गोरे ग्राहक तर आधीच गेले होते. वादकांना पोट होतं. आणि त्याच वेळी ताडदेव, दादर, वांद्रे इथल्या स्टुडिओंत माणसं हवी होती. पुणतांब्याचे सी. रामचंद्र हे त्यातले पुढचे. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांच्याबरोबर होते. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो, दादरच्या भगवानदादांच्या नाचामागे. ‘अलबेला’ची गाणी गिरणगावात किती वाजली असतील ते इथे कुणाला सांगायला नको. त्या तालावर गणपतीत नाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की आपण स्विंगवर नाचतोय.

म्हणजे हे वादक बेकार झाले नाहीत. उलट, कोलमन हॉकिन्सला मिळाले नसतील इतके श्रोते त्यांना मिळाले. पण कसे? माहीमहून इकडे ताडदेवचा फेमस किंवा फिल्म सेंटर, तिकडे खाडी ओलांडली की मेहबूब. सकाळी वाद्याची पेटी उचलून निघायचं. अरेंजरने लिहिलेला कागद समोर येतो, तो पहिल्यांदा बघता बघता वाजवायचा. पन्नास माणसं एका वेळी. गाणं सव्वातीन मिनिटांचं, त्यात मुखडा आणि अंतऱ्याच्या मधला तुकडा सॅक्सोफोनला : दहा सेकंद, फार तर पंधरा. तबकडीवर नाव गायकाचं, संगीतकाराचं, गीतकाराचं, चित्रपटाचं. वादकाचं नाही. संध्याकाळी पैसे घेऊन घरी. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने ‘बिहाइंड द कर्टन’ या २००८ सालच्या पुस्तकासाठी अशा अनेक वादकांना गाठून बोलतं केलं. तोवर कित्येकांची नावं कुणी लिहूनही ठेवली नव्हती.

आणि त्या दहा सेकंदांचं काम काय? सॅक्सोफोन वाजला की समजायचं : रात्र, दारूचा पेला, क्लब, वाईट चालीची बाई. चित्रपटांनी या वाद्यावर हा शिक्का मारला तो आजतागायत निघालेला नाही. वेब्स्टर ज्या आवाजात पोक्त वयाचं, शहाणं, एकटं बोलणं बोलतो, तोच आवाज आपण पडद्यावर दरवाजा ढकलून आत येणाऱ्या मादक नायिकेला देऊन टाकला. मला याचा राग येतो. दहा सेकंदांत लोकांनी जे काढलं ते अफाट आहे, पण दहा सेकंदांत माणूस खूण करू शकतो, बोलू शकत नाही.

एकदा मात्र मुंबईत हे चौघे जवळजवळ जमले. १९६८. शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’. पियानो लुसिला पाचेको, बेस एडी ट्रॅव्हर्स, ड्रम लेस्ली गोदिन्हो. बघा, पियानो ट्रिओ तयार! आणि सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, जे १९५८ साली कोलकात्याहून इकडे आले. त्यांचं मुख्य वाद्य आल्टो, आणि घडण स्विंगची नव्हे, तरी दम विलक्षण.

(येथे या तबकडीतील एक भाग ऐकवण्यात आला.)

छान आहे, मजेशीर आहे. पण रचना पाहा. एका तबकडीत अकरा राग, पुढे रईस खाँची सतार, शिवाय ट्रंपेट, गिटारी. प्रत्येकाला तुकडा नेमून दिलेला. सॅक्सोफोन येतो, आपलं वाक्य चोख म्हणतो, बाजूला होतो. तीच चित्रपटाची शिस्त, फक्त गायक नाही. त्या खोलीतून बाकी सगळ्यांना चहा प्यायला पाठवलं असतं, आणि उरलेल्या चौघांना म्हटलं असतं की आता एक सावकाश गाणं वाजवा, वाटेल तेवढं लांब, तर? पाचेको, ट्रॅव्हर्स, गोदिन्हो, हे तिघे ते करू शकत होते. चौथाही होता. पण इथल्या तबकडीचा धंदा गाण्यावर चालायचा, आणि चार वादकांच्या गप्पांना गिऱ्हाईक नव्हतं. ग्रांझसारखा हट्टी माणूस पदरचे पैसे घेऊन उभा राहिला नाही, आणि त्या पिढीच्या श्वासाचा लांब नमुना आपल्याकडे घडला नाही. वादकांत काही कमी नव्हतं.

दोन प्रश्न घेऊ, वेळ होत आलाय.

(प्रश्न : पुढच्या काळात इथे टेनरवर कुणी लांब वाजवलं का?)

हो तर. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस. पण ते स्विंगच्या पुढचे, बीबॉप आणि नंतर राग घेऊन वाजवणारे. १९७० ची ‘रागा रॉक’ त्यांची. आणि १९७८ पासून धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा सुरू झाली. पहिल्याच वर्षी टेनरचा दादा सनी रोलिन्स येऊन गेला. तुमच्यापैकी काही जण भिंतीबाहेर उभे राहून ऐकलेले असणार. आणखी एक गंमत : १९६३ साली एलिंग्टनचा बँड भारतात आला, त्यातल्या टेनरवाल्याचं नाव पॉल गोन्साल्विस. नावावरून आपला वाटतो. घराणं मात्र केप व्हर्डेचं. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे तिथे गोन्साल्विस सापडतात, आणि का कोण जाणे, बऱ्याचदा हातात वाद्य असतं. याच पॉलने १९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवात एका गाण्यात सलग सत्तावीस आवर्तनं वाजवली होती.

(प्रश्न : काहीच ऐकलेलं नसेल तर सुरुवात कुठून करायची?)

आधी १९५९ चा वेब्स्टर आणि पीटरसन, रात्री जेवणानंतर, आवाज बारीक ठेवून. मग हॉकिन्सचं ‘बॉडी अँड सोल’, ते तीनच मिनिटांचं आहे, चारपाच वेळा ऐका. मग १९५२ चा यंग. टेटम शेवटी. मधेमधे आपली जुनी गाणी लावा आणि फक्त मधल्या तुकड्यांकडे कान द्या. गायक थांबला की पुढच्या दहा सेकंदांत कोण काय म्हणतंय ते बघा. सॅक्सोफोन सापडेल. त्याने श्वास कुठे घेतला तेही कधीकधी सापडतं, माइक जवळ असला तर.

आता टेटम आणि वेब्स्टर यांचं त्याच बैठकीतलं ‘गॉन विथ द विंड’ लावतो आणि थांबतो. ज्यांना गाडी पकडायची आहे त्यांनी मधेच उठलं तरी चालेल, फक्त खुर्च्या सरकवू नका. आणि तो पंखा जरा बंद करा, प्लीज. त्याचाही आवाज ब्रशसारखाच येतो.

(ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले.)